घाटवाघाचा भाऊ

गगनबावडा
२१ जून २००४

सयाजी भावजी,

नमस्कार लिहावा की शिव्या घालाव्यात हे ठरेना, म्हणून दोन्ही सोडून सरळ सुरुवात करते.

तुमचं पत्र मिळालं. लग्नानंतर माझ्या नावानं आलेलं हे पहिलंच पत्र. मी शिलाई मशीनवर बसले होते. खाली ‘सयाजी’ वाचलं आणि पाय पायडलवरच राहिला. समोर एक बाई ब्लाउज कधी मिळणार म्हणून विचारत होती, तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. ती बहुतेक रागावून गेली.

आठ वर्षांनी माणूस जिवंत होतो, आणि पत्रात पहिली ओळ काय लिहितो, तर ‘वहिनी, त्या कॉमिकमध्ये मला मारलंय.’ अहो भावजी, कॉमिकवाल्यानं तुम्हाला कशाला मारायचं? ते काम तुम्ही आधीच केलं होतं.

तुमच्या कंपनीतल्या कागलच्या माणसानं पोराला म्हणून वापीला नेलेलं ते पुस्तक आमच्याही घरात आहे. अतुल नावाचा कोल्हापूरचा पोरगा, चित्रकलेचं शिकलेला, गेल्या पावसाळ्यात इथं येऊन राहिला. तुमच्या दादांना एका जागी बसवून चित्रं काढायला बघायचा. ते बसतील कसले? शेवटी त्यानं गुंडूला, म्हणजे यांच्या दोर धरणाऱ्या दोस्ताला, बसवून शरीर काढलं आणि वर यांचं तोंड लावलं. पुस्तकाचं नाव ‘घाटवाघ’. त्यात भाऊ दरीत पडतो, घाटवाघ कड्यावर उभा राहून ओरडतो, त्याच्यावर वीज पडते आणि अंगात शंभर हत्तींचं बळ येतं. मग तो झगा फडकवत दरीत उडी मारतो. असला झगा घालून हे खरंच उतरले तर पहिल्याच करवंदीच्या जाळीत लटकतील. मी शिवणकाम करते, मला कळतं.

आमच्या पोरीनं, साक्षीनं, पुस्तक वाचून यांना विचारलं की तुमच्यावर वीज कधी पडली. तर म्हणाले, “आपल्याकडं वीज असतीय कुठं पडायला?” सगळे हसले. हे हसले नाहीत. पहिल्याच पानावर तुम्ही पडताय ते चित्र आहे ना, ते पान हे कधी उघडत नाहीत. साक्षी वाचायला लागली की दुसऱ्या पानापासून वाच म्हणतात.

तुम्ही लिहिलंय, दादाला सांगू नका. का नको, ते लिहिलेलं नाही. ते आधी लिहा, मग मी बघते. आईचंही विचारलंत. त्याचं उत्तर या पत्रात देत नाही.

तुमची वहिनी,
संयोगिता


गगनबावडा
८ जुलै २००४

सयाजी भावजी,

तुमचं दुसरं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा वेगवेगळा राग आला.

म्हणजे कोकणाकडं सीटा भरून जाणाऱ्या त्या वडापच्या जीपमध्ये तुम्ही बसला होता हे खरं. गाडी लागली, ओकायला लागलात म्हणून इथं गगनबावड्यालाच उतरलात, जीपवाला थांबला नाही, मग चिडून उलट्या दिशेच्या ट्रकमध्ये बसून परत कोल्हापूर, तिथून पुणे. आणि जीप घाटात कोसळल्याचं पुण्यात पेपरात वाचलंत, त्यात बेपत्ता म्हणून स्वतःचं नाव वाचलंत, आणि गप्प बसलात. ‘दादाच म्हणाला होता मला भाऊ न्हाय, तर होऊ दे त्याच्या मनासारखं.’ हे तुमचंच वाक्य.

तुम्हाला एक गोष्ट कळली का? आम्ही टेम्पोनं घाटाकडं पळत होतो, तेव्हा तुम्ही ट्रकमध्ये बसून आमच्या समोरूनच गेला असणार. रस्ता एकच आहे.

दादांचं चुकलं हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते, तुम्हाला सांगायला काय लाजायचं. आपल्या तालमीनं फुटबॉलच्या संघातून तुम्हाला वर्षभर बाहेर बसवलं, म्हणून तुम्ही पलीकडच्या पेठेचा शर्ट घातलात. शिवाजी पेठेत माणूस दारू पिऊन गटारात पडला, पोरगी पळवून आणली, तरी चार दिवसांनी घरात घेतात. शर्ट बदललेला चालत नाही. त्यात सेमीफायनलला गोलात उभे कोण, तर दादा. आणि गोल मारला कुणी, तर तुम्ही. लोकांनी घरावर दगड टाकले. दादा तालमीत सगळ्यांसमोर म्हणाले, “आजपास्नं मला भाऊ न्हाय.” महिनाभर एका घरात राहून दोघं बोलला नाहीत, मी दोन वेगवेगळ्या वेळेला ताटं वाढत होते. मग तुम्ही बॅग घेऊन गेलात.

आता आमच्याकडचं ऐका. रंकाळा स्टँडवर तुम्हाला त्या जीपमध्ये बसताना कुणीतरी बघितलं होतं. दुपारी बातमी आली. आम्ही पोहोचलो तर कठड्याशी माणसांची रांग, सगळे खाली बघतायत, उतरत कोणीच नाही. पाऊस असा की बोललेलं ऐकू येईना. यांनी एका ट्रकवाल्याचा दोर घेतला आणि बनियनवर खाली गेले. खाली जो दिसेल त्याचं तोंड उलटून बघितलं. तुम्ही नव्हता. जे जिवंत होते ते वर आणले, कारण तसंच सोडून पुढं शोधता येईना. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, ‘देवमाणूस’. देवमाणूस पुन्हा दरीत गेला होता, तुम्हाला शोधायला. जीपवाला वाचला होता, त्यानं सांगितलं एक पोरगा आणखी होता, बॅगवाला. तो वाटेत उतरला का गाडीबरोबर खाली गेला, ते त्याला शुद्धीत आल्यावरही आठवेना.

झालं, तिथून हे सुरू झालं. त्या पावसाळ्यात घाटात आणखी एक गाडी गेली, हे पळाले. मग आणखी एक. उद्यमनगरातलं लेथवरचं काम सोडलं आणि घाटाच्या तोंडावर पंक्चरचं दुकान टाकलं. मला विचारलं नाही, सांगितलं. मी पेठेतली पोरगी, खिडकीतून हाक मारली की चार घरं ओ देतात अशा गल्लीत वाढलेली. इथं चार महिने धुकं, कपडे चुलीवर वाळवायचे, मिठाला पाणी सुटतं. रडून रडून कंटाळले आणि मशीन लावलं.

एकदा गुंडू म्हणाला, वैनी, वरनं बघितलं की माणूस कुठला आणि चिखल कुठला कळत न्हाय. म्हणून ट्रकवर घालायच्या नारिंगी ताडपत्रीचा कोट मीच शिवून दिला. हात मोकळे राहतील असा, दोर कमरेला बांधता येईल असा. तोच तो घाटवाघाचा झगा. नवरा वर येतोय का नाही हे दिसावं एवढ्यासाठी शिवला होता.

आत्याबाई गेल्या. चार वर्षं झाली. तुम्ही आईचं विचारलं होतंत, आता कळवलं. तुमचं दहावं घालू या असं त्या म्हणायच्या, हे घालू देत नव्हते. अंग न्हाय तर दहावं कसलं, असं म्हणायचे. पितृपक्षात पान वाढताना रोज भांडण. त्या तशाच गेल्या, तुम्हाला मेलेल्यात धरायचं की जित्यात हे न कळताच.

आता तुम्ही म्हणताय सांगू नका, दादाच्या मनातून मी उतरलोय तेच बरं. भावजी, तुमच्या मनाचं मला काही पडलेलं नाही. गेल्या वर्षी यांचा खांदा निखळला. गुडघा असा झालाय की सकाळी उठताना भिंत धरतात. घाटातली माती दर पावसाला ढिली होते. एक दिवस हे खाली जातील आणि नारिंगी रंग वर येणारच नाही. मला रोज ते दिसतं. तुम्ही सापडलात म्हटलं की शोध संपतो, शोध संपला की माणूस घरी बसतो. मला नवरा घरात पाहिजे.

म्हणून मी सांगणार. तुम्हाला विचारत नाही, कळवते.

संयोगिता


गगनबावडा
२७ जुलै २००४

सयाजी भावजी,

सांगितलं.

दुपारी हे दुकानात ट्यूब बुडवून भोक शोधत होते. मी तुमची दोन्ही पत्रं पुढं धरली. हात काळे होते म्हणून माझ्याच हातातून वाचली, उभ्याउभ्या. संपल्यावर विचारलं, “वापी कुठं आली?” मी म्हटलं गुजरातेत. बरं म्हणाले. मग ट्यूब लावली, टायर चढवला, ट्रकवाल्याला पाठवलं आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी मागं जाऊन बघितलं. हौदाच्या कडेला बसून रडत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्याबाई गेल्या तेव्हासुद्धा मी यांना रडताना बघितलं नव्हतं. मलाही आवरेना. दोघं तिथं पावसात बसलो आणि साक्षी दारातून विचारतीय काय झालं.

नंतर राग आला. आला म्हणजे काय, तुम्ही समोर असता तर काही खरं नव्हतं. “समोरनं गेला? आमच्या समोरनं?” एवढंच परत परत. तुमच्याशी फोनवर बोलू या का म्हटलं, तर नको म्हणाले. पुढं म्हणाले, “जगलाय न्हवं. बास झालं.” आणि जेवताना आपणहून म्हणाले, आता आपण दरीत जायचं नाही, गुंडूला सांगून टाक.

मी दुसऱ्या दिवशी गोड केलं. शेजारी वाटलं. कशाचं म्हणून विचारलं तर सांगितलं, भावजी सापडले. अर्धं खरं होतं, उरलेलं गोड नवरा घरी बसला त्याचं.

तुम्ही लिहिलंय येऊ का. इतक्यात नको. यांना जरा बसू द्या.

संयोगिता


गगनबावडा
१६ ऑगस्ट २००४

सयाजी भावजी,

तुम्ही दोन पत्रं पाठवलीत आणि मी गप्प राहिले. लिहायला बसले की उठायचे. आज बसलेच आहे.

दहा-बारा दिवसांमागं सकाळी एक टेम्पो घाटातून दरीत गेला. गुंडू धावत आला. हे म्हणाले, गुडघा दुखतोय. गुंडू यांच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. मी मशीनला तेल घालत होते, मान वर केली नाही. मी जिंकले होते ना.

गुंडू आणि बाकीची पोरं गेली. त्यांना वरचं काम माहीत, दोर कुठं बांधायचा, किती सोडायचा. खाली उतरून झाडाझुडपात हात घालायचं काम यांचं. पोरं दोनदा उतरून परत आली, निसरडं होतं. खाली एक बाई अडकली होती, धोंडुबाई नावाची, लेकीकडं कोकणात चालली होती. तिला वर आणेपर्यंत दुपार कलली. कोल्हापूरला नेताना वाटेत गेली.

आम्हाला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर भांडले असते मी, तोंड आहे मला. पण बायका ब्लाउज टाकायला येतात आणि माप झालं की लगेच निघतात. पूर्वी बसायच्या. यांना ट्रकवाले पूर्वी चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत, आता काम झालं की गाडी सुरू करतात. किंवा तसं काही नसेल, मलाच वाटत असेल.

हे घरात आहेत. तुम्हाला वाटेल बरं झालं. घरात आहेत म्हणजे या दारातून त्या दारात. एक टायर तीनदा काढून बसवला. साक्षीच्या हातून पाण्याचा तांब्या पडला तर तिच्यावर असे ओरडले की पोरगी दिवसभर माझ्या मशीनखाली बसली. गाडीचा हॉर्न जरा लांबला की ताटावरून मान उचलतात आणि मग आपल्यालाच चोरून खाली घालतात. मी काय बोलले की व्हय म्हणतात. ज्या माणसानं मला न विचारता इथं आणून टाकलं तो आता कुठली भाजी करू याला सुद्धा व्हय म्हणतो.

त्या बाईच्या लेकीचा विचार येतो. आई येणार म्हणून तिनं काय काय करून ठेवलं असेल. मशीन चालवताना येतो, पाणी भरताना येतो. तुमच्या दादांना येतो का ते मी विचारत नाही. मला जे पाहिजे होतं ते मिळालं भावजी, आणि आता मलाच घरात बसवत नाही.

तुम्हाला यात काय करायचं आहे म्हणा. पण सांगायला दुसरं कोणी नाही.

संयोगिता


गगनबावडा
३० ऑगस्ट २००४

सयाजी भावजी,

काल काय झालं ते सांगते, हाताला चिंध्या बांधल्यात, अक्षर लावून घ्या.

दुपारी हे जेवायला बसले होते. गुंडू दारात येऊन उभा राहिला. बोलवायला आला नव्हता बहुतेक, सवयीनं पाय वळले असतील. पावसानं निथळत होता. यांनी एक नजर बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडात घालेनात. मी वाढत होते. मला वाटलं होतं मी बोलणारच नाही.

मी म्हटलं, “उठा. ताट झाकून ठेवते.”

“कशाला?” म्हणाले. “माझं कोण हाय तितं?”

“कुणाचं तरी हाय की.”

एवढंच बोलणं झालं. मग हात धुतले, कोट घातला आणि निघाले. साक्षीला शेजारी सोडलं आणि मीही मागून गेले. त्या पहिल्या दिवसानंतर आठ वर्षांत मी कधी कड्यावर गेले नव्हते. भीतीनं.

कोल्हापूरहून निघालेली एक मोटार वळणावर कठडा तोडून गेली होती. धुकं एवढं की रस्ता संपतो कुठं आणि दरी लागते कुठं दिसेना. ट्रकच्या पुढच्या हुकाला दोर बांधला. यांनी कमरेला फास घेतला, ओढून बघितला, माझ्याकडं बघितलं नाही आणि उतरले. चार हातांवर नारिंगी रंग दिसायचा बंद झाला. तो कोट मी दिसावा म्हणून शिवला होता, धुक्यात त्याचा काही उपयोग नाही हे मला काल कळलं. पोरं कमी होती. कोणी सांगितलं नाही, मीच जाऊन दोर धरला.

गुंडू माझ्या पुढं होता. मागं न बघताच म्हणाला, “वैनी, तुमाला ठावं हाय का? खाली गेलं की ह्यो पयली हाक सयाजी म्हणून मारतोय.”

मला माहीत नव्हतं. यांनी कधी सांगितलं नाही, आणि गुंडूनंही आठ वर्षं पोटात ठेवलं. म्हणाला, गाडी कुठलीही असो, पहिली हाक तीच. खाली जखमी पडलेली माणसं त्या हाकेला ओ द्यायची. बाईमाणसानं सुद्धा दिली आहे. मरणाच्या दारात कोण नाव बघतंय. ओ आली की हे त्या बाजूला सरकायचे. असंच शोधत गेले आणि असंच माणसं सापडत गेली.

दोर सरकत होता. मी आणि गुंडू कान देऊन होतो. आता हे काय म्हणून हाक मारणार, मला कळेना. ज्याला हाक मारायची तो वापीत चहा पीत बसलाय. वाटलं, आता मुक्यानंच फिरतील आणि हाताला काही न लागता वर येतील. बराच वेळ नुसता पाऊस.

मग खालून आवाज आला. तुमच्या दादांचाच, गोलातून बॅकला ओरडायचे तसा.

“पावणं! कुठं हाय? आलोय म्या.”

पुन्हा एकदा. आणि तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा खालून कोणीतरी ओ दिली.

गुंडू रडत होता का पाऊस होता ते मला सांगता येणार नाही. मी रडत होते हे नक्की. एक म्हातारा आणि त्याची सून, दोघं जिवंत वर आले. गाडी चालवणारा गेला, त्याचं काही करता आलं नाही. तुमचे दादा सगळ्यात शेवटी वर आले, खांदा धरून. माझे हात बघितले, साल गेलं होतं. म्हणाले, “दोर असा धरत्यात व्हय?” आणि घरी येईपर्यंत दोर कसा धरायचा ते सांगत होते. इतकं सलग ते लग्नात सुद्धा बोलले नव्हते. घरी आल्यावर झाकलेलं ताट घेऊन बसले आणि पुसून खाल्लं.

भीती गेली असं समजू नका. काल जेवढी होती त्याहून आज जास्त आहे. आता हे थांबतील असं कुठलंच कारण माझ्या हातात उरलं नाही, होतं ते मी वापरून बघितलं. इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही यांना दरीत ओढताय. तुमच्यावर फार राग काढला मी मनात, कॉमिकवाल्यानं तुम्हाला पहिल्या पानावर मारलं तेव्हा बरंसुद्धा वाटलं होतं.

तर भावजी, तुम्ही येऊ का म्हणून विचारलं होतं. या. दादा आपणहून बोलणार नाहीत, तुम्हीच बोला. शिव्या देतील, त्या खा. आत्याबाईंच्या फोटोपुढं उभे राहा, तिथं काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. इथं दोर धरायला माणसं कमी पडतात हेही कळवते.

फक्त फार दिवस लावू नका, आणि कोणी न्यायला येईल अशी वाट बघत बसू नका. तुम्हाला शोधायला आता कोणी उतरत नाही. तुमचं तुम्हालाच यावं लागेल.

तुमची वहिनी,
संयोगिता